खेळण्यातल्या गाड्यांचा जोडट्रॅक घरी बनवायचाय? आधी सांधा, मग रस्ता

बेळगावात दिवाळी म्हणजे किल्ला हे वेगळं सांगायला नको, माती पोती दगड गोळा करायचं आणि चार दिवस गल्लीतली पोरं चिखलात. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं हट्ट धरला, मामा यंदा किल्ल्याला घाट पाहिजे, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ल्यासारखा, आणि माझ्या मेटलच्या गाड्या वरनं सोडल्या की थेट खाली आल्या पाहिजेत. मी म्हटलं होतंय की, त्यात काय. मी उद्यमबागेत ड्रॉईंगचंच काम करतो, कॅड म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉईंग रोजचं, ओळखीच्याकडं थ्रीडी प्रिंटर आहे, दोन रात्रीत डिझाईन केलं आणि एकदम चौदा तुकडे छापून आणले. एकाला एक बसेना. जे बसले ते निघेनात, एक ओढून काढला तर त्याची खुंटी मोडून दुसऱ्यातच अडकून राहिली. त्या दिवाळीला शेवटी पुठ्ठ्याचा घाट झाला.

त्यानंतर वर्षभर शनिवार-रविवार घालवून जे जमलं ते इथं लिहितोय, म्हणजे तुमचे तरी चौदा तुकडे वाया जाऊ नयेत. माझी मुख्य चूक एवढीच होती की मी रस्ता डिझाईन केला आणि सांधा शेवटी चिकटवला. उलटं करायचं असतंय. ट्रॅक म्हणजे सांधाच, दोन सांध्यांच्या मधे जे काही उरतं त्याला आपण रस्ता म्हणतो.

काय काय लागतंय

- व्हर्निअर कॅलिपर, डिजिटल असला तर बरं. पट्टीनं हे काम होत नाही, नादाला लागू नका.
- ज्या गाड्या पळवायच्या आहेत त्या सगळ्या, विशेषतः सगळ्यात रुंद, सगळ्यात लांब आणि सगळ्यात बुटकी.
- कॅड. फ्रीकॅड किंवा ओपनस्कॅड, दोन्ही फुकट आहेत. अगदीच नवीन असाल तर टिंकरकॅड चालतंय पण मापं बदलताना त्यात वैताग येतो.
- प्रिंटर, स्वतःचा किंवा बाहेरचा. बाहेरनं छापून घेणार असाल तर दरवेळी त्याच मशीनवर आणि त्याच मटेरियलमधे छापा असं सांगून ठेवा, का ते पुढं येईल.
- पीएलए फिलॅमेंट (प्रिंटर जी वितळवून छापतो ती प्लास्टिकची तार, रिळात मिळते), बारीक कानस, पॉलिश पेपर, आणि एक वही. वही खरंच ठेवा.

पायरी १. आधी गाड्या मोजा, सगळ्या मोजा

हॉट व्हील्स किंवा तसल्या छोट्या गाड्या साधारण १:६४ स्केलच्या म्हणून विकतात, पण स्केल वाचून फसू नका. ट्रक असो की रेसिंग कार, पाकिटात बसली पाहिजे म्हणून प्रत्येकीला थोडंफार ताणलेलं नाहीतर दाबलेलं असतंय. गणपत गल्लीत सुट्ट्या मिळणाऱ्या गाड्या तर आणखी वेगळ्या. भाच्याच्या डब्यातल्या गाड्या मोजल्या तर सगळ्यात रुंद ३२ मिमी निघाली, सगळ्यात लांब ७२ मिमी, पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर जास्तीत जास्त ४२ मिमी, आणि सगळ्यात बुटक्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम दीड मिमी वर. तुमची मापं वेगळी येतील, पण हे चार आकडे वहीत आले पाहिजेत. पुढचं सगळं त्यांच्यावरच चालतंय.

मी पहिल्यांदा फक्त रुंदी मोजली. ३२ ची गाडी, दोन्ही कडेला २-२ मिमी मोकळं, म्हणजे आतली रुंदी ३६, झालं. सरळ रस्त्यावर गाडी झकास पळाली आणि वळणावर जाऊन रुतली. कारण साधं आहे, गाडी वाकत नाही. वळणात तिच्या आतल्या कडेचा मधला भाग आतल्या भिंतीला लागतो आणि बंपरचे कोपरे बाहेरच्या भिंतीला. हिशोब पाहिजे तर घ्या: मध्यरेषेची त्रिज्या १२० मिमी आणि आतली रुंदी ३६ धरली तर आतली भिंत १०२ वर येते आणि बाहेरची १३८ वर. गाडीची कड मधोमध आतल्या भिंतीला टेकवली की तिचा बाहेरचा कोपरा केंद्रापासून १३४ चा वर्ग अधिक ३६ चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ एवढा लांब, म्हणजे १३८.७. पाऊण मिमी कमी पडतंय. (१३४ म्हणजे १०२ अधिक गाडीची रुंदी, आणि ३६ म्हणजे लांबीच्या निम्मे, ट्रॅकच्या ३६ शी त्याचा संबंध नाही, मी स्वतः त्यात एकदा घोळ घातलाय.)

मग रुंदी ३९ केली. आता कोपरा १३७.३ वर येतो आणि भिंत १३९.५ वर, दोन मिमी मोकळे मिळाले. फक्त वळणात रुंद आणि सरळ तुकड्यात अरुंद असंही करता येतं, पण मग सांध्यापाशी भिंती जुळवत बसावं लागतंय. मी सगळीकडं ३९ ठेवून मोकळा झालो. भिंत २ मिमी जाड आणि ८ मिमी उंच, म्हणजे बाहेरून एकूण ४३.

पायरी २. तीन आकडे ठरवा आणि त्यांना चिकटून रहा

नवीन माणूस इथं मन मानेल तशी मापं घेतो, १०० चा सरळ, १३० चं वळण, ३० अंशाचं एक, ६० चं एक, आणि मग रिंगण कधीच बंद होत नाही. शेवटच्या तुकड्याला नेहमी दोन बोटं कमी नाहीतर दोन बोटं जास्त.

माझे आकडे: वळणाची मध्यरेषा १२० मिमी त्रिज्येची, कोन ४५ अंश, सरळ तुकडा १२० मिमी. आठ वळणं लावली की ३६० अंश, गोल पूर्ण. लाकडी रेल्वेचे जे सेट मिळतात, ब्रिओ वगैरे, त्यांच्यातपण मोठ्या वळणाचे आठच तुकडे लागतात, तेव्हा ही काही माझी अक्कल नाही.

चौथा आकडा मात्र मला उशिरा सुचला, तो तुम्हाला आयता देतो: ८५ मिमीचा छोटा सरळ तुकडा. दोन रस्ते शेजारी-शेजारी न्यायचे असतील तर एक डावं वळण आणि लगेच एक उजवं, असा नागमोडी जोड लावतात. त्यात गाडी बाजूला सरकते ७०.३ मिमी आणि पुढं जाते १६९.७ मिमी. आता शेजारच्या सरळ रस्त्यावर तेवढीच लांबी भरायला १२० चे तुकडे कामाला येत नाहीत, पण ८५ चे दोन लावले की १७०. फरक ०.३ मिमी, तो सांधे खाऊन टाकतात. शिवाय १२० चा तुकडा ४५ अंशात तिरका लावला की तो आडवा आणि उभा दोन्हीकडं ८४.८५ सरकतो, म्हणजे तिथंही हाच ८५ चा तुकडा उपयोगी. कर्ण आणि बाजू, सातवीचं गणित, पण जमिनीवर ट्रॅक मांडून डोकं खाजवल्याशिवाय आठवत नाही.

छोटा प्रिंटर असेल, १८० मिमीच्या बेडचा (ज्या पाट्यावर तुकडा छापला जातो तो), तरी हे सगळे तुकडे त्यात बसतात.

पायरी ३. सांधा कुठला? इथं घाई नको

तीन प्रकार मी करून बघितले.

पहिला, एका टोकाला खुंटी आणि दुसऱ्या टोकाला खाच. लाकडी रेल्वेत हाच असतो. दिसायला सगळ्यात सोपा, पण याला दिशा आहे. वळणाचा तुकडा घ्या, खुंटी पुढं ठेवून तो डावीकडं वळतो. आता उजवीकडं पाहिजे तर? फिरवून लावला तर खुंटीला खुंटी येते. उलथा करावा लागतो, म्हणजे रस्ता दोन्ही अंगाला पाहिजे. लाकडी ट्रॅकला वर-खाली दोन्हीकडं खाचा असतात त्या म्हणूनच. आपल्या भिंतीवाल्या रस्त्याला ते जमत नाही, मग डावं वळण वेगळं, उजवं वेगळं, आणि पोरगं नेमकं चुकीचंच उचलतं.

दुसरा, प्रत्येक टोकाला एक खुंटी आणि एक खाच, शेजारी-शेजारी. सगळी टोकं सारखी, कुठलंही कुठल्याही टोकाला लागतं, एकच वळण दोन्हीकडं चालतं कारण उलट्या टोकानं धरलं की डावं तेच उजवं. मला हा फार आवडला होता. पण खुंटी रस्त्याचाच भाग असते, आणि मोडली की पूर्ण तुकडा गेला. पोरं तुकडा सरळ वर उचलत नाहीत हो, एक टोक धरून पिरगाळतात.

तिसरा, जो मी आता वापरतो. सगळ्या टोकांना फक्त खाच, खालच्या अंगानं, आणि जोडणारा तुकडा सुटा. आकार डमरूसारखा, दोन्हीकडं फुगीर आणि मधे बारीक. दोन ट्रॅक टोकाला टोक लावायचे आणि खालनं डमरू दाबायचा. मोडलं तर डमरू मोडतो, दहा मिनिटात नवीन छापता येतो. डमरू दोन टोकांत समसमान असल्यामुळं डावं-उजवं, पुढं-मागं ही भानगडच राहत नाही. हॉट व्हील्सच्या जुन्या केशरी ट्रॅकलासुद्धा जोडपट्टी सुटीच असते, त्यांची चपटी जिभेसारखी, आपला डमरू.

माझी मापं: डमरूची लांबी २४, मान ६ मिमी रुंद, डोकं ११, जाडी २.४. रस्त्याचा तळ ४ मिमी जाड, त्यात खालनं २.६ खोल खाच, म्हणजे वर १.४ चं छप्पर राहतं. छप्पर यापेक्षा पातळ केलं तर रस्त्यावर डमरूचा आकार उठून दिसतो आणि गाडी तिथं टकटक करते. आतले सगळे कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यातनंच चीर जाते.

पायरी ४. फट: या पायरीला एक अख्खा रविवार द्या

आमच्या शेजारी फाउंड्रीसाठी पॅटर्न बनवणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. माझे न बसणारे चौदा तुकडे त्यांना दाखवले. त्यांनी व्हर्निअर लावला, खुंटी १० आणि खाच पण १०, आणि हसायला लागले. म्हणाले, अहो दहात दहा कसं जाईल? बिडाचा पॅटर्न करताना आम्ही आकसण्यासाठी शेकडा एक वाढवतो, बाहेर निघावा म्हणून ढाळ देतो, मशीनिंगला वेगळं देतो, आणि तुम्ही काहीच दिलं नाही. कॅडवर दहात दहा सुंदर बसतंय, हातात नाही. मी रोज नोकरीत ड्रॉईंगवर टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) टाकतो आणि घरच्या खेळण्याला टाकायचा विसरलो, आता काय बोलणार.

तर फट द्यावी लागते. किती, हे कुणीही सांगू नये आणि तुम्हीही कुणाचं ऐकू नये, माझंसुद्धा, कारण ती प्रिंटर, नोझल (प्लास्टिक बाहेर सोडणारी बारीक तोटी), मटेरियल, अगदी रंगागणिक बदलते. माझ्याकडं काळ्यात सैल बसणारा डमरू त्याच कंपनीच्या पांढऱ्यात घट्ट बसला. म्हणून नमुने छापा. पूर्ण ट्रॅक नाही, फक्त टोकाचा २० मिमीचा तुकडा, त्यात खाच. असे पाच, दर कडेला ०.१०, ०.१५, ०.२०, ०.२५ आणि ०.३० मिमी फट देऊन. प्रत्येकावर आकडा उठावात लिहा, नाहीतर टेबलावर पाचही सारखेच दिसतात आणि तुम्ही पुन्हा छापत बसता. एक डमरू छापा आणि पाचातही घालून बघा. वहीत लिहा: हातोडीनं गेला, अंगठ्यानं गेला, आपोआप पडला.

आता यातली खरी मजा. अंगठ्यानं जाणारा पाहिजे हे खरं, पण मांडलेला ट्रॅक उचलला की सगळे डमरू गळून पडतात आणि पोरं ते कोचाखाली शोधत बसतात. घट्ट केला तर काढताना सुटत नाही. यावर उपाय असा की डमरूची दोन डोकी वेगवेगळ्या मापाची करायची, एक घट्ट आणि एक सैल. माझ्या मशीनवर घट्ट बाजूला ०.१० आणि सैल बाजूला ०.२५ जमलं. घट्ट डोकं एका ट्रॅकमधे कायमचं बसून राहतं, सैल डोक्यावर दुसरा ट्रॅक बसतो-उठतो. सैल बाजूला एक ठिपका काढा म्हणजे कळतं. खाच सगळीकडं एकच ठेवा, फरक फक्त डमरूत करा.

आणि फट म्हणजे डिझाईनमधली कमतरता असं समजू नका. वीस तुकड्यांच्या रिंगणात प्रत्येक तुकडा ०.२ मिमी लांब निघाला तरी शेवटी ४ मिमीचा फरक येतो. तो कुठं जाणार? सांध्यांत जिरला तर रिंगण बंद होतं, सांधे करकचून असतील तर कुठंतरी तुकडा उठतो. आपल्या कर्नाटकात म्हणतात तसं, स्वल्प ॲडजस्ट माडी, म्हणजे थोडं सांभाळून घ्या, हे बसमधल्या सीटइतकंच ट्रॅकलाही लागू आहे.

पायरी ५. फाईल बनवताना

मापं कुठंही हातानं घालू नका. वर एका जागी लिहा, त्रिज्या, कोन, रुंदी, तळ, फट, आणि खाली सगळीकडं तीच नावं वापरा. उद्या रंग बदलला आणि फट बदलावी लागली तर एकच आकडा बदलायचा. ओपनस्कॅडमधे हे आपोआपच होतं, फ्रीकॅडमधे स्प्रेडशीट जोडता येते.

डमरूची मूळ आकृती, दोन्ही डोकी सारखी असलेली, एकदाच काढा आणि खाचेसाठी तीच फुगवून वापरा. फुगवणं म्हणजे ऑफसेट, स्केल नव्हे. हा सापळा लई जणांना पकडतो. डमरू १०२ टक्के केला की २४ च्या लांबीला अर्धा मिमी वाढ मिळते आणि ६ च्या मानेला फक्त ०.१२, मग लांबीत खडखडाट आणि मानेत अडकलेलं. ऑफसेटनं सगळ्या कडांना सारखी फट मिळते.

तुकड्याच्या खाली बारीक आकडा कोरा, कितवा नमुना आणि किती लांब. माझ्या डब्यात अजून पहिल्या-दुसऱ्या आवृत्तीचे तुकडे मिसळलेले आहेत, दिसायला तेच, बसायला नाही.

फाईल बाहेर पाठवत असाल तर मिमी आहे हे सांगा. प्रिंटरसाठी जी एसटीएल फाईल देतात तिच्यात एकक लिहिलेलंच नसतं, समोरच्यानं इंच धरलं तर काय होईल विचार करा.

पायरी ६. छापताना

०.४ ची नोझल आणि ०.२ चा थर पुरे. रस्ता वर, खाच खाली, असाच सरळ छापा, खाचेवरचं ११ मिमीचं छप्पर प्रिंटर बिनासपोर्ट, म्हणजे खाली टेकू न छापता, हवेत ओढतो. मी एकदा शहाणपणा करून मटेरियल वाचवायला पूर्ण तळच खालनं पोकळ केला, मग ते छप्पर एवढं रुंद झालं की शेवया लोंबल्या. वाचवायचंच असेल तर आतला भराव १५ टक्क्यावर आणा. १२० चा तुकडा अगदी भरीव धरला तर साधारण ३० ग्रॅम होतो, म्हणजे एक किलोच्या रिळात तीसच्या वर तुकडे, भराव कमी केला की आणखी.

डमरू आडवा झोपवूनच छापा. उभा छापला तर थर मानेला आडवे येतात आणि तो खडूसारखा तुटतो.

पहिला थर बेडवर दबून थोडा बाहेर पसरतो, त्याला हत्तीचा पाय म्हणतात. तुमची खाच नेमकी तळालाच आहे, म्हणजे तिचं तोंडच अरुंद होतं आणि ०.२५ ची फट असूनही डमरू आत जात नाही. मी यावर तीन आठवडे फट वाढवत बसलो होतो आणि दोष दुसरीकडंच. खाचेच्या तोंडाला आणि डमरूच्या खालच्या कडेला अर्ध्या मिमीची कड मारा, म्हणजे धार तिरकी कापा, प्रश्न मिटला. वरच्या अंगाला रस्त्याच्या टोकालाही तशीच बारीक कड मारा म्हणजे दोन तुकड्यांत थोडं वर-खाली झालं तरी चाक अडत नाही.

आणि पाऊस. आपल्याकडं जूनपासून जो धरतो तो गणपतीपर्यंत सोडत नाही, खानापूरकडं तर विचारूच नका. उघडं ठेवलेलं रीळ दमट होतं, छापताना चटचट आवाज येतो, तारा सुटतात, आणि फटीत केस उगवतात. रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आमच्या घरी मोठ्या डब्यात तांदळाच्या शेजारी रीळ ठेवलं म्हणून आईनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

लाकूड किंवा एमडीएफमधे करायची इच्छा असेल तर जरूर करा, गोकाकला लाकडी खेळण्यांची परंपराच आहे. फक्त दोन गोष्टी. राऊटरचं (लाकूड कोरायच्या मशीनचं) बिट गोल असतं त्यामुळं आतला कोपरा कधीच काटकोनात निघत नाही, आकृती तशी गोलच काढा. आणि एमडीएफ पावसाळ्यात फुगतो, मे महिन्यात बसणारा सांधा जुलैमधे बसत नाही.

पायरी ७. घाट, म्हणजे चढ-उतार

सपाट रस्त्यावर सांधा जमला म्हणून घाटात जमेल असं नाही. दोन अडचणी येतात.

एक, उतार जिथं सुरू होतो त्या माथ्यावर गाडीचं पोट घासतं. ४२ मिमी चाकांचं अंतर आणि दीड मिमी पोट, तर माथ्याची गोलाई किमान १४७ मिमी त्रिज्येची पाहिजे (४२ चा वर्ग भागिले ८, भागिले १.५). मी २५० घेतली. खाली घाट संपतो तिथंही तशीच सावकाश गोलाई द्या, नाहीतर गाडीचं नाक जमिनीत. हे गोलाईचे तुकडे आडव्या अंगावर, म्हणजे एका भिंतीवर उभे करून छापा. सरळ छापले तर उतारावर थरांच्या पायऱ्या येतात आणि गाडी थरथरत उतरते. त्या वेळी खाचेची फट परत तपासा, छापायची दिशा बदलली की तीही बदलते.

दुसरी अडचण, डमरू बाजूला सरकू देत नाही पण वर उचलू देतो. घाटात वजनानं सांधा खालनं उघडतो. खूप काही करून बघितलं, क्लिप, रबर, मेणसुद्धा. शेवटी खांबाच्या डोक्यावरच डमरू बसवला. म्हणजे खांब आणि डमरू एकच तुकडा, खांब सांध्याखालीच येतो, दोन्ही ट्रॅक त्यावर बसतात आणि सांधा उघडायला जागाच नाही. फक्त उतारावर खांबाचं डोकं उताराएवढंच तिरकं पाहिजे. खांब २० मिमीच्या पटीत करा, २०, ४०, ६०, असे. किल्ल्याच्या मातीत रोवायचे असतील तर खाली रुंद पाया द्या, ओल्या मातीत बारीक खांब कलतो.

पीएलए साधारण ६० अंशाला मऊ पडतो. दिवाळीच्या उन्हात काही होत नाही, पण बंद कारमधे डॅशबोर्डवर ट्रॅकचा डबा ठेवून कोल्हापूरला जाऊ नका. मी गेलो होतो. उघड्यावर कायम ठेवायचं असेल तर पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापरा, आणि फटीचे नमुने पुन्हा पहिल्यापासून.

पायरी ८. लहान पोरं, आणि विकायचं डोक्यात आलं तर

डमरू २४ मिमीचा आहे, म्हणजे तो घशात जाऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिमी व्यासाचं एक नळकांडं वापरतात, तळ तिरका, खोली २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत. त्यात पूर्ण मावणारा सुटा तुकडा धोक्याचा. माझा डमरू आरामात मावतो. घरात तान्हं असेल तर डमरू ७० मिमीचा करा आणि खाचा तेवढ्या लांब करा, किंवा ट्रॅकला चिकटवूनच टाका. मोडलेला डमरू त्याच दिवशी कचऱ्यात.

चांगलं जमलं की कुणीतरी म्हणतंच, विकायला काढ की. काढण्याआधी एवढं माहीत असू द्या: १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो भारतीय मानक ब्यूरोचं लायसन्स घेऊनच लावता येतो. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ लागू होतं, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४. हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदलेल्या कारागिरांना आणि जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या खेळण्यांच्या नोंदणीकृत मालकांना यातनं सूट आहे, पण प्रिंटरमधनं काढलेला प्लास्टिकचा ट्रॅक हस्तकला म्हणून दाखवायला जाऊ नका. मी विकत नाही, भाच्याच्या दोस्तांना देतो, त्यावर पोहे मिळतात.

पायरी ९. पहिल्या सेटला काय काय छापायचं

आठ वळणं, चार १२० चे, चार ८५ चे. एवढ्यात गोल होतो, लांबट रिंगण होतं आणि नागमोडी जोडही होतो. आधी फक्त गोल लावा, आठ तुकड्यांचा. बाहेरून बाहेर २८३ मिमी यायला पाहिजे. शेवटचा सांधा जोर न लावता बसला तर कोन बरोबर आहे. थोडी फट उरत असेल तर कोन ४५ पेक्षा कमी निघतोय, टोकं एकमेकांवर चढत असतील तर जास्त. एका तुकड्यात अर्ध्या अंशाचा फरक दिसत नाही, आठात तो चार अंश होतो, म्हणून गोल हीच खरी परीक्षा.

मग गाडी सोडा आणि कान द्या. चांगल्या सांध्यावर टिक असा एकच आवाज येतो, टकटक दोनदा आला तर तिथं पायरी आहे, बोट फिरवून बघा आणि कानस मारा. आम्ही टिळकवाडीत दुसऱ्या गेटला उभं राहून रेल्वेचा खडखडाट ऐकत मोठे झालो, तेव्हा हा आवाज ओळखायला मला शिकावं लागलं नाही.

सोळा तुकड्यांच्या बंद रिंगणाला सोळा डमरू लागतात. तुम्ही चोवीस छापा.